टायगर मॉथ पुन्हा हवेत: लाकूड, कापड आणि तारांच्या नोंदी

विमान: डी हॅविलँड डीएच ८२ए टायगर मॉथ, दुसऱ्या महायुद्धातलं, वर-खाली दोन पंखांच्या जोड्यांचं प्रशिक्षण विमान. जागा: केंब्रिजशायरमधल्या एका शेतावरचं शेड आणि त्याला लागून असलेली गवताची धावपट्टी. आम्ही पाच जणांनी मिळून ते घेतलं, त्यात मी एकटा मराठी. इन्स्पेक्टर वेगळे. त्यांची सही झाल्याशिवाय एकही झाकण बंद होत नाही.

या नोंदी मराठीत ठेवण्याचं कारण सांगतो. भारतीय हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यातलं टायगर मॉथ ८ ऑक्टोबर २०१२ ला दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर उडालं, पण त्याचं काम इंग्लंडमध्ये करून घ्यावं लागलं. लाकडाचा स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीतला मुख्य कणा, जोडणारे आणि कापड शिवणारे हात आपल्याकडे तयार व्हावेत असं मला मनापासून वाटतं. इंग्रजी मॅन्युअलं विकत मिळतात. हात कुठे अडतो ते त्यांत लिहिलेलं नसतं, म्हणून इथे तेवढंच लिहितोय.

१९ नोव्हेंबर २०२२: पंख उघडले

चारही पंख लाकडी घोड्यांवर उभे केले आणि जुनं कापड कापून काढलं. लॉगबुकप्रमाणे पंखांचं शेवटचं मोठं काम फार जुनं नव्हतं, त्यामुळे विकत घेताना 'कापड बदललं की झालं' असाच सगळ्यांचा अंदाज होता.

डाव्या खालच्या पंखाचं कापड निघालं आणि वासानेच ओळखू आलं. आंबट, कुबट वास. युद्धकाळातल्या पंखांत बऱ्याचदा केसिनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला सरस असतो. ओल लागली की त्याला बुरशी धरते. वरून सांधा अगदी नीट दिसतो, आत मात्र धरून ठेवायला काहीच उरलेलं नसतं. मागच्या कडेजवळच्या रिबा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या, अंगठ्याने दाबल्या आणि तीन रिबांच्या पट्ट्या स्पारपासून हातात सुटून आल्या.

त्याहून वाईट पुढे होतं. मागच्या स्पारला, वरच्या आणि खालच्या पंखांमधल्या खांबाच्या फिटिंगच्या बोल्टाजवळ, प्लायवुडचा एक ठिगळ चिकटवलेला सापडला. लॉगबुकात त्याची नोंद नाही. ठिगळ काढला तर खाली बोल्टाच्या भोकातून निघालेली उभी चीर, साधारण वीतभर लांब. कोणीतरी चीर पाहिली, झाकली आणि वर कापड चढवलं. त्यानंतर हे विमान उडत होतं.

त्या दिवशी एक नियम ठरवला. जे जे झाकलं जाणार त्याचा फोटो, तारीख आणि दोन माणसांच्या सह्या. एक सही काम करणाऱ्याची, दुसरी त्या कामाला हात न लावलेल्याची.

१४ जानेवारी २०२३: लाकूड परत गेलं

स्पारसाठी सिट्का स्प्रूस लागतं. हलकं, सरळ रेषेचं आणि वजनाच्या मानाने भलतंच मजबूत. विमानाच्या प्रतीचं म्हणून मागवलेल्या दोन फळ्या आल्या. दिसायला देखण्या, एकही गाठ नाही.

इन्स्पेक्टरांनी फळीवर फाउंटन पेनच्या शाईचा एक थेंब टाकला आणि वाट पाहिली. शाई लाकडाच्या रेषेच्या दिशेने पसरते. डोळ्याला सरळ वाटणारी रेषा शाईने तिरकी दाखवली. स्पारला चालणारा उतार जास्तीत जास्त १५ ला १, म्हणजे १५ इंच लांबीत रेषा एक इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. एक फळी यात सपशेल नापास झाली. दुसऱ्या फळीची वर्षवलयं इंचाला सहापेक्षा कमी भरली, म्हणजे झाड भराभर वाढलेलं आणि लाकूड पोकळ.

विक्रेत्याने फळ्या परत घेतल्या, पण येण्याजाण्याची वाहतूक आमच्या माथी बसली. १८० पौंड गेले. पैशांपेक्षा जास्त खुपले ते वाया गेलेले सहा आठवडे. पुढच्या फळ्या इन्स्पेक्टरांना गाडीत बसवून गोदामात नेऊनच निवडल्या. लाकूड फोटो पाहून मागवू नये. शाईची बाटली बरोबर न्यावी, विक्रेता चिडत नाही. ज्याचं लाकूड खरं आहे तो तर स्वतःच पेन काढून देतो.

११ फेब्रुवारी: थंडी आणि सरस

स्पारचा चिरलेला भाग कापून नवा तुकडा तिरप्या सांध्याने बसवायचा. उतार १२ ला १. रंध्याने दोन्ही उतार जुळवायलाच एक आख्खा शनिवार-रविवार गेला. दोन्ही तोंडं एकमेकांवर ठेवून पलीकडून बॅटरी मारायची. जिथून उजेड दिसतो तिथे पुन्हा रंधा. सॅंडपेपर मारायचा नाही, कारण त्याची पूड लाकडाच्या छिद्रांत बसते आणि सरस आत मुरत नाही. शेवटचा हात धारदार रंध्याचाच हवा.

आम्ही वापरतो तो रिसॉर्सिनॉलचा सरस: गडद तांबडा, पाण्याला न बधणारा, पण थंडीचा वैरी. १५ अंशांच्या खाली तो नीट धरत नाही. प्रत्येक मिश्रणाबरोबर त्याच लाकडाचे दोन छोटे तुकडे चिकटवून ठेवतो, आणि सरस पक्का झाला की शिकंज्यात धरून हातोड्याने फोडतो. लाकूड फाटलं तर सांधा पास. सरसाच्या रेषेवरच उकललं तर नापास.

पहिल्या सांध्याचा नमुना सरसाच्या रेषेवर उकलला. शेडमधल्या थर्मामीटरवर दिवसा १७ अंश होते, पण रात्रीत पारा ६ वर उतरला होता. सांधा वरून ठणठणीत दिसत होता. तरीही कापून टाकला. त्याबरोबर नव्या स्प्रूसचा फूटभर तुकडाही गेला.

उपाय साधाच निघाला. जाड प्लास्टिकचा तंबू, आत विजेची पांघरुणं, आणि थर्मामीटरचं टोक हवेत न ठेवता लाकडाला टेकवलेलं. हवा लवकर तापते, लाकूड सावकाश. दोन दिवस २० अंशांवर धरलं. पुढचा नमुना फोडला तेव्हा लाकडाच्या चिरफाळ्या उडाल्या आणि सरसाची तांबडी रेषा जशीच्या तशी राहिली. आमच्यातले सत्तरी ओलांडलेले सुतार आजोबा सहसा बोलत नाहीत. त्यांनी तो तुकडा उचलून खिशात घातला.

कोकणात किंवा मुंबईत हे काम करणाऱ्याला थंडीची काळजी नाही, ओलाव्याची आहे. लाकडातली ओल मोजायचं मीटर घ्या. आमच्याकडे १२ टक्क्यांच्या आसपास धरतात. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये ठेवलेलं लाकूड त्याच्या पुष्कळ वर जाईल.

२५ मार्च: टाय-रॉड

इथे कोणी खर्च वाचवायला जाऊ नये. कॉकपिटच्या तळाशी, धडाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पोलादी टाय-रॉड जातात. खालच्या पंखांचा ताण त्यांच्यावर येतो. १६ डिसेंबर २०१३ ला ऑस्ट्रेलियात साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाजवळ एका टायगर मॉथचा डावा पंख हवेतच निखळला आणि विमानातले दोघेही गेले. तपासात टाय-रॉडच्या आट्यांमध्ये, धातू थकून पडलेल्या, आधीपासूनच्या भेगा सापडल्या.

आमच्या रॉडला बाहेरून गंजाचा डाग नव्हता. पण त्यांचा उगम सांगणारा एकही कागद आमच्याकडे नव्हता, आणि तेवढं कारण पुरेसं होतं. नवा संच प्रमाणपत्रासकट घेतला. जुने रॉड करवतीने मधोमध कापले, म्हणजे पुढे कधी कुणाच्या हाती लागून ते दुसऱ्या विमानात बसायला नकोत.

२० मे: झाकण्याआधीची तपासणी

रिबा दुरुस्त, आतल्या आडव्या तारांचा ताण नीट, सगळ्या लाकडाला वॉर्निश. इन्स्पेक्टर दिवसभर आरसा आणि बॅटरी घेऊन पंखात डोकं घालून होते. त्यांना दोन गोष्टी सापडल्या: एका बोल्टाखाली वॉशर नव्हता, आणि एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेला हलणारी, विमान कलवणारी फळी) केबलची पुली हाताने फिरत होती पण एका जागी अडत होती. वॉशरशिवाय बोल्ट आवळला की नटाची कड लाकडात रुतते, तंतू तुटतात आणि चीर तिथूनच सुरू होते. डाव्या पंखातली ती चीर आठवा. पुली काढून नवी टाकली. संध्याकाळी सही मिळाली.

८ जुलै: कापड आणि इस्त्री

मुळात या विमानांवर लिनन किंवा सुती कापड असे. आम्ही सेकोनाइट म्हणजे पॉलिएस्टर घेतलं, कारण ते जास्त वर्षं टिकतं. कडांना चिकटवलं की इस्त्रीने तापवून ताणायचं, गरम झालं की ते आकसतं. पहिला हात साधारण १२० अंश सेल्सिअसला, शेवटचा फार तर १७७ ला. त्यापुढे कापड घट्ट होण्याऐवजी उलट सैल पडतं, आणि आणखी तापवलं तर वितळतं.

इस्त्रीच्या चकतीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. घरगुती इस्त्रीचा थर्मोस्टॅट २०-३० अंशांनी सहज इकडेतिकडे होतो. तळाला थर्मामीटरचं टोक लावून आकडे स्वतः लिहून घ्यावेत, आणि दर काही तासांनी पुन्हा तपासावेत. आमची इस्त्री सकाळी तपासली होती. दुपारनंतर ती वर सरकली.

परिणाम उजव्या एलेरॉनवर दिसला. एलेरॉनचा सांगाडा अगदी हलका असतो. एका बाजूचं कापड आधी पूर्ण ताणलं गेलं आणि दुसरी बाजू सैलच होती, त्यामुळे मागची कड पिळली. सपाट टेबलावर ठेवला तर एक कोपरा बोटभर वर. हा पीळ डोप (कापडावर चढवायचा रंगासारखा लेप) लावून किंवा वजन ठेवून जात नाही. कापड फाडलं. सुदैवाने सांगाडा पुन्हा सरळ झाला, सांधे तपासले तर शाबूत होते. दुसऱ्यांदा दोन्ही बाजू आलटून पालटून, थोड्या थोड्या तापमानाने ताणल्या आणि हलक्या भागांना पूर्ण उष्णता दिलीच नाही. पंखांना चालतं ते शेपटी आणि एलेरॉनला चालेलच असं नाही.

२२ जुलै: टाके

मला या सगळ्या कामात सर्वात आवडलेला भाग हा. कापड नुसतं चिकटवून भागत नाही. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला ओढ बसते आणि कापड रिबेवरून उचललं जाऊ पाहतं, म्हणून प्रत्येक रिबेला ते शिवून टाकायचं. पंख उभा करायचा, अलीकडे एक माणूस, पलीकडे दुसरा, मध्ये फूटभर लांब सुई. गोधडीसारखंच दोरा आरपार जातो आणि परत येतो, फक्त इथे प्रत्येक टाक्याला गाठ आहे. एक टाका तुटला तर शेजारचे धरून राहायला हवेत.

टाक्यांमधलं अंतर साधारण तीन इंच. प्रॉपेलरच्या झोताखाली येणाऱ्या रिबांना त्याहून जवळ. टाक्यांच्या खाली रिबेवर आधी एक मजबूत फीत घालायची, नाहीतर दोरा कापडाला कापतो. गाठ रिबेच्या माथ्यावर ठेवायची नाही, बाजूला सरकवायची. वर कंगोरे कापलेली दुसरी फीत डोपने चिकटवायची.

पलीकडच्या माणसाशी लय जुळेपर्यंत पहिल्या दोन रिबा रडत झाल्या. नंतर बोलावंही लागत नव्हतं. दोर ओढला की त्याच्या ताणावरूनच कळतं, गाठ नीट बसली की नाही. आजोबांनी सांगितलं की गाठ आवळताना दोर कधीही झटक्याने ओढू नये. मेण लावलेला दोर झटक्याने घासला की मेण निघतं आणि पुढे त्याच जागी तुटतो. एका पंखाला दोन माणसांचे दोन पूर्ण दिवस धरा, शिकाऊ असाल तर चार.

खालच्या कडेला, प्रत्येक कप्प्यात पाणी निघून जायला भोकं ठेवायला विसरू नका. आमच्या पंखातली बुरशी बुजलेल्या भोकांमागेच धरली होती.

७ ऑक्टोबर: पांढरा डोप

पॉलिएस्टरवर पहिला हात नायट्रेट डोपचा, कारण ब्युटिरेट हा दुसऱ्या जातीचा डोप त्याला थेट नीट धरत नाही. पुढचे हात ब्युटिरेटचे. नायट्रेटला पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. शेडमधला हीटर, दिव्यांची बटणं, मोबाइल चार्जर, सगळं बंद. पंखा लावायचा तर ठिणगी न पाडणारा.

त्या दिवशी बाहेर रिमझिम होती आणि शेडमध्ये आर्द्रता ८२ टक्के. काम मागे पडलं होतं, म्हणून हात मारला. वीस मिनिटांत डाव्या वरच्या पंखावर दुधाळ पांढरे डाग उमटले. डोपमधला द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ तिथे बसते आणि डोपचा थर कमजोर पडतो. दिसायला डाग, पण खरा तोटा ताकदीचा. रिटार्डर (वाळणं मंदावणारा द्रव) मिसळलेला पातळ हात मारून काही डाग विरघळले. बाकीचा थर सॉल्व्हंटने पुसून पुन्हा लावावा लागला. त्यानंतर आर्द्रता ६५ च्या वर असेल तर डब्याचं झाकण उघडायचं नाही, असं भिंतीवर लिहिलं. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले निम्मे शनिवार नुसते पावसाकडे बघण्यात गेले.

महाराष्ट्रात कोणी हे करणार असेल तर जून ते सप्टेंबर डोपला हात लावू नये. तोवर फीतकाम, सुतारकाम, इंजिन, जे हवं ते करावं.

रंगाच्या आधी अॅल्युमिनियम मिसळलेल्या डोपचे हात द्यायचे. उन्हातले अतिनील किरण कापड खातात, ही चंदेरी भुकटी ते अडवते. पंखात दिवा ठेवून अंधारात पाहिलं. बाहेर उजेडाचा ठिपका दिसला तर आणखी एक हात. रंगाचे हात मात्र हात राखून द्या. प्रत्येक हात म्हणजे वजन.

२ डिसेंबर: टाकी

पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधल्या भागात, पायलटच्या डोक्याच्या पुढे असते. १९ इम्पीरियल गॅलन, म्हणजे सुमारे ८६ लिटर. पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं. शिवणीवर पाझर दिसला. आत ओतून फिरवायचं सीलंट मिळतं, ते आम्ही मुद्दाम टाळलं. असे थर काही वर्षांनी पापुद्र्यासारखे सुटतात आणि फिल्टर बुजवतात. टाकी आधी पूर्ण धुवून वाफ काढून घेतली, मग माहितगाराकडून शिवण डाग देऊन घेतली. २४० पौंड. धुतल्याची खात्री नसलेली टाकी कुणालाही डाग द्यायला देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच जीव घेते.

१७ फेब्रुवारी २०२४: जोडणी आणि तारा

धड पाणसळ लावून लांबीत आणि आडवं सपाट केलं. आधी वरचा मधला भाग, ओळंबे सोडून दोन्ही बाजूंना सारखा. तिथे चूक राहिली तर पुढचं प्रत्येक माप चुकतं. मग पंख, मग पंखांना ताणून धरणाऱ्या बाहेरच्या तारा.

या तारा गोल नसतात, वारा कापण्यासाठी चपट्या असतात. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. तार फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत जातात किंवा बाहेर येतात. पक्कड लावायची नाही. तारेवर ओरखडा पडला की भेग तिथूनच सुरू होते. आम्ही खाच पाडलेली नायलॉनची पट्टी वापरतो. टोकाच्या फिटिंगला एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून पाहायची. आत गेली तर तारेचे आटे पुरेसे आत आलेले नाहीत.

मागच्या डाव्या तारेत टाचणी सहज आत गेली. ती तार तशीच ठेवून ताण बरोबर आला असता, माप बरोबर आलं असतं आणि आटे मात्र दोन-तीनच धरून राहिले असते. तारेची लांबीच चुकीची होती, आधीच्या कुणीतरी दुसऱ्या जागेची बसवली होती. नवी तार मागवली, नऊ आठवडे गेले. दुसऱ्या दोन तारांवर ओरखडे होते, त्याही बदलल्या. तिन्ही मिळून ७०० पौंडांच्या वर.

ताण देताना हाव धरू नये. उड्डाणतारा, म्हणजे उडताना पंखांचा भार घेणाऱ्या तारा, गिटारीसारख्या वाजल्या म्हणजे छान, असं ज्याला वाटतं त्याने स्पारवर पट्टी ठेवून बघावी. जास्त आवळल्या की स्पार वाकतो. जिथे तारा एकमेकींना ओलांडतात तिथे जॅव्हेलिन नावाची लाकडी दांडी बांधायची, म्हणजे थरथर थांबते.

२७ एप्रिल: इंजिन

जिप्सी मेजर १. चार सिलिंडर, हवेने थंड होणारं, १३० अश्वशक्ती, आणि उलटं, म्हणजे क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली. त्यामुळे पुढचं दृश्य मोकळं राहतं आणि प्रॉपेलर जमिनीपासून उंच. पण उभं असताना तेल सिलिंडरांत झिरपतं. स्विच बंद ठेवून प्रॉपेलर हाताने सावकाश फिरवून पाहिल्याशिवाय चालू करायचं नाही. हाताला घट्ट अडथळा लागला तर जोर न लावता खालचे प्लग काढायचे.

याच जातीच्या इंजिनावर जेआरडी टाटा १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ हे डी हॅविलँडचंच विमान घेऊन कराचीहून मुंबईला आले. १५ ऑक्टोबर १९३२ च्या पहिल्या टपाल-उड्डाणाला ५० वर्षं झाली म्हणून. समुद्रकाठाने तासन्‌तास जाणारं ते इंजिन किती कसून तयार केलं असेल, याचा विचार हे काम करताना वारंवार मनात येत होता.

विमानाला बॅटरी नाही, स्टार्टर नाही, ब्रेकही नाहीत. शेपूट बांधली, चाकांना ठोकळे लावले. मॅग्नेटोचे (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारं यंत्र) स्विच कॉकपिटच्या बाहेर असतात, प्रॉपेलर फिरवणाऱ्याला दिसावेत म्हणून. कार्बोरेटर पेट्रोल ठिबकेपर्यंत दाबला, चार फेरे ओढले, मग "कॉन्टॅक्ट". दुसऱ्या ओढीला इंजिन धरलं. तेलाचा दाब ४२, आवाज गोल. शेडमध्ये सगळ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

पंधरा-वीस मिनिटांनी ते ठेचकाळायला लागलं. थंड झालं की पुन्हा झकास, तापलं की पुन्हा ठेचकाळणं. कार्बोरेटर उघडून साफ केला, जेट तपासले, प्लग बदलले. फरक नाही. दोन शनिवार यात गेले.

११ मे: मॅग्नेटो

दोष मॅग्नेटोच्या गुंडाळीत निघाला. जुन्या मॅग्नेटोच्या तारांवर शेलॅकचं, म्हणजे आपल्याकडच्या लाखेचं, आवरण असतं. दशकांनंतर ते उष्णतेने मऊ पडतं आणि वीज आतल्या आत गळते. थंड असताना टेस्ट बेंचवर ठिणगी निळी आणि जाड. म्हणूनच आधीच्या तपासणीत तो पास झाला होता. वर्कशॉपने तो ओव्हनमध्ये ७० अंशांना तापवून पुन्हा बेंचवर चढवला, तेव्हा ठिणगी पिवळी पडून तुटली.

दोन्ही मॅग्नेटो नव्या तारेने आणि इपॉक्सीने गुंडाळून घेतले, कंडेन्सर बदलले. १,३५० पौंड. एकच करून भागलं असतं असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. दुसराही त्याच वयाचा आहे, त्यामुळे मी तरी ते मानायला तयार नव्हतो. कोणी जुनं इंजिन घेत असेल तर मॅग्नेटोची गरम असतानाची चाचणी मागा.

८ जून: वजन

पुस्तकातलं रिकामं वजन १,११५ पौंड. आमचं भरलं १,१७१. रेडिओ, नवे पट्टे, आणि डोपचे थर. गुरुत्वमध्य हद्दीत, पण मागच्या बाजूला झुकलेला. एवढ्या वजनामुळे दोन जाड्या माणसांना पूर्ण टाकी मिळणार नाही, हे कॉकपिटमधल्या पाटीवर लिहिलं.

२२ जून: उड्डाण

चाचणीचा पायलट आमच्यातला नाही. टायगर मॉथवर शेकडो तास केलेला माणूस हवा, तसाच बोलावला. वारा समोरून, आठ नॉट. गवत कापलेलं. ब्रेक नसल्यामुळे पंखाच्या टोकाला धरून एक जण चालतो, तो मान मला मिळाला.

हे इंजिन पायलटच्या बाजूने पाहिलं तर डावीकडे फिरतं, म्हणून नाक उजवीकडे पळतं आणि डाव्या पायाने शेपटीचं सुकाणू दाबावं लागतं. आधुनिक विमानं उडवणारा इथे हमखास चुकतो. आमचा पायलट चुकला नाही. शेपूट उचलली, थोडं सरकलं, आणि चाकांखालून गवत सुटलं. मी टोपी हातात धरून उभा होतो. अडीच हजार फुटांवर धावपट्टीच्या वरच घिरट्या, पंचवीस मिनिटं. इंजिन एकदाही ठेचकाळलं नाही.

उतरल्यावर पायलटने मांडीवरच्या कागदावरून वाचून दाखवलं: डावा पंख जड, स्टिक (विमान कलवायची दांडी) सतत उजवीकडे धरावी लागते. तेलाचा दाब शेवटी ३८, ठीक. समोरच्या कॉकपिटमधलं वेगदर्शक पाच नॉट कमी दाखवतंय. दुसऱ्या सिलिंडरच्या रॉकर कव्हरातून तेल.

६ जुलै

एलेरॉनच्या मागच्या कडेला दोरी डोपने चिकटवून जड पंख उचलायची जुनी युक्ती आहे, आणि ती चालतेही. इन्स्पेक्टरांनी आधी मापं घ्यायला लावली. डाव्या पंखाचा कोन उजव्यापेक्षा पाव अंशाने कमी भरला. नव्या तारा पहिल्या उड्डाणात बसतात आणि सैल होतात, डावीकडची मागची जास्त बसली होती. तिला फेरा-अर्धा फेरा देत कोन जुळवला, टाचणी पुन्हा घालून पाहिली, लॉकनट आवळले. दुसऱ्या उड्डाणात स्टिक सोडली तरी पंख सपाट. दोरीची गरज पडली नाही.

वेगदर्शकाच्या नळीत सांध्यावर फट होती. रॉकर कव्हरला नवी गॅस्केट. प्रॉपेलरचे बोल्ट पुन्हा आवळले, लाकडी प्रॉपेलर पहिल्या काही तासांत दबतो आणि बोल्ट सैल पडतात. एक बोल्ट पाऊण फेरा फिरला.

आतापर्यंतचा खर्च, विमानाची किंमत सोडून: लाकूड आणि सरस १,९०० पौंड, टाय-रॉड आणि बोल्ट १,१००, कापड आणि डोप ५,४००, तारा ७००, इंजिनाचं काम ८,२००, मॅग्नेटो १,३५०, टाकी २४०, तपासण्या, विमा आणि शेडचं भाडं मिळून ६,८००. मजुरी शून्य धरली आहे. कामाची पहिली अंदाजवही १२ हजारांची होती आणि मुदत एका हिवाळ्याची.

पुढची तपासणी दहा तासांनंतर: सगळ्या तारा, प्रॉपेलरचे बोल्ट, टाय-रॉडची टोकं, आणि डाव्या खालच्या पंखातला तो तिरपा सांधा. त्याच्या खाली कापडात तपासणीची खिडकी मुद्दाम ठेवली आहे.